जंगलानं स्वतःच धरलेला बहार

मोसंबी किंवा डाळिंबाची बाग ज्यांच्या घरी आहे, त्यांना 'ताण' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. जालन्याकडे माझ्या मामाची मोसंबीची बाग होती. आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, धरायचा म्हणून डिसेंबरात बागेचं पाणी बंद व्हायचं. नाताळच्या सुट्टीत आम्ही जायचो तेव्हा झाडं मलूल असायची, पानं पिवळट पडून गळायला लागलेली. मला वाटायचं, मामा एवढा मायाळू माणूस, मग झाडांचं पाणी का तोडतो? जानेवारीत तो ताण तोडायचा, म्हणजे पहिलं पाणी द्यायचा, आणि थोड्याच दिवसांत अख्खी बाग एकदम फुलायची. वास पार रस्त्यापर्यंत यायचा. एकच झाड वेगळं वागायचं, हौदाच्या कडेचं. गळक्या नळीमुळे त्याची मुळं कायम ओली, त्याला ताण बसायचाच नाही. ते आपलं वेळी-अवेळी चार फुलं काढायचं, आणि त्या फुलांचं फळ क्वचितच हाती लागायचं.

पनामातल्या एका रानझुडपाविषयी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते हौदाकडचं झाड आठवलं. कारण तिथल्या जंगलात ताण आणि बहार हे सगळं माणसाच्या हाताशिवाय घडतं, आणि एका संशोधक बाईंनी तिथे मुद्दाम, मोजूनमापून, 'हौदाकडची झाडं' तयार करून पाहिली होती.

या झुडपाचं शास्त्रीय नाव हायबॅन्थस प्रुनिफोलियस. ते व्हायोलेटच्या कुळातलं आहे. हे ऐकून कुणीही थबकेल, कारण व्हायोलेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती हिवाळ्यात कुंडीत लावायची पॅन्सी, नाहीतर सर्दी-खोकल्याच्या काढ्यात पडणारा बनफशा. वीतभर उंचीची, थंडी मानवणारी नाजूक रोपं. पण हा त्या कुळाचा फक्त प्रसिद्ध चेहरा झाला. कुळात एकूण हजाराच्या आसपास जाती आहेत, आणि उष्ण प्रदेशात यातल्या कितीतरी जाती झुडपं म्हणून वाढतात, काही तर चांगली झाडं होतात. पनामाच्या जंगलात मोठ्या वृक्षांच्या सावलीत माणसाच्या डोक्याहून उंच जाणारं, लाकडी खोडाचं, पांढऱ्या फुलांचं झुडूप दिसलं तर त्याला व्हायोलेट म्हणायला कुणाची जीभ धजावणार नाही.

फूल जवळून पाहिलं की मात्र नातं पटतं. पाकळ्या पाच, पण सारख्या नाहीत. खालची एक बाकीच्यांपेक्षा मोठी आणि पुढे आलेली, माशीला उतरायला ओटाच. या पाकळीच्या बुडाशी फुगवटा असतो, आणि नावाचा उगमही तोच: ग्रीक भाषेत 'हायबोस' म्हणजे कुबड आणि 'अँथोस' म्हणजे फूल. कुबडं फूल. नावाचा दुसरा भाग सांगतो की पानं आलुबुखाराच्या पानांसारखी आहेत. फळ म्हणजे लहानसं बोंड, तीन फाकांत उघडणारं. तेरड्याचं बोंड बोटांत धरलं की फुटतं, ते आपण सगळ्यांनी लहानपणी केलेलं आहे. इथे बोट लागत नाही. बोंडाच्या फाका वाळताना आक्रसतात, मधल्या बिया चिमटीत सापडतात आणि निसटून दूर उडतात.

याचा एक भाऊबंद आपल्याकडेही आहे. महाराष्ट्रातल्या माळरानांवर, गवतात, रतनपुरुष नावाचं छोटं रोप उगवतं. त्याच्या गुलाबी-जांभळ्या फुलात एकच पाकळी इतकी मोठी असते की बाकीच्या आहेत की नाहीत असं वाटावं. आयुर्वेदाच्या वनस्पतींत त्याचं नाव येतं. हा रतनपुरुष परवापरवापर्यंत हायबॅन्थस याच प्रजातीत मोडत होता. डीएनए तपासून अलीकडे त्या प्रजातीचे तुकडे पाडले, तेव्हा आफ्रिका-आशियातल्या जातींना वेगळं घर मिळालं. अमेरिकेतलं आपलं झुडूप जुन्याच घरात राहिलं.

आता जागेकडे वळू, कारण या झुडपाविषयी आपल्याला जे कळलं आहे ते बहुतेक सगळं एकाच बेटावरून कळलं आहे. पनामा कालवा खणताना चाग्रेस नदीवर गातून इथे धरण बांधलं. नदीचं पाणी तुंबून अफाट जलाशय झाला, खोरं बुडालं, आणि एका टेकडीचा माथा तेवढा पाण्यावर राहिला. तो माथा म्हणजे बारो कोलोराडो बेट. क्षेत्र सुमारे १,५०० हेक्टर. १९२३ साली ते संशोधनासाठी राखून ठेवलं, आणि १९४६ पासून अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था त्याची देखभाल करते. १९८० च्या सुमारास स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर या दोघा शास्त्रज्ञांनी बेटावर एक किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद, म्हणजे ५० हेक्टरांचा तुकडा आखला आणि त्यातलं एक सेंटीमीटरहून जाड असं प्रत्येक खोड मोजायला घेतलं. दोन लाखांहून जास्त खोडं, तीनशेच्या आसपास जाती. मान वर करून पाहावं असे प्रचंड वृक्ष त्यात आहेत, पण नुसती डोकी मोजली तर यादीत अगदी वरच्या नावांमध्ये येतं हे सावलीतलं व्हायोलेट. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. एखाद्या दुर्मीळ, कोपऱ्यातल्या झाडाची ही कहाणी नाही. त्या जंगलाच्या खालच्या मजल्याचा हा मोठा रहिवासी आहे.

बेटावर वर्षाला साधारण २,६०० मिलीमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीहून थोडा कमी. पण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत तो जवळजवळ थांबतो. पनामाचे लोक या महिन्यांना 'वेरानो' म्हणतात, म्हणजे उन्हाळा. वारा सुटतो, पाचोळा करकरतो, जमिनीचा वरचा थर कोरडा होत जातो. तरीही हा काळ अगदी निपटून कोरडा नसतो. मधेच कधीतरी, आपल्या वळवासारखी, एखादी जोरकस सर येऊन जाते. कधी फेब्रुवारीत, कधी मार्चमध्ये, कधी त्याहून उशिरा. तिची तारीख ठरलेली नसते.

आपलं झुडूप नेमकी या सरीची वाट पाहत असतं. पाऊस पडतो, जंगल पुन्हा वाळायला लागतं, आणि आठवड्याच्या आसपास सगळ्या झुडपांवरच्या कळ्या एकदम उमलतात. एका झुडपावरच्या सगळ्या, आणि सगळ्या झुडपांवरच्या सगळ्या. मोजक्या दिवसांचा हा सोहळा. मग फुलं खाली, आणि झुडूप पुन्हा हिरवंगार, कुणाचं लक्ष न जाणारं.

हे जमतं कसं? एका झुडपाला दुसऱ्याचं कसं कळतं? खरं तर कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. मामाच्या बागेतही मोसंबीची झाडं एकमेकांशी ठरवून फुलत नव्हती. प्रत्येक झाडाला वेगवेगळा, पण सारखाच ताण बसला होता आणि पाणी सगळ्यांना एकाच दिवशी मिळालं होतं. बागाईतदार ज्याला 'बाग ताणावर सोडणं' म्हणतात ते काम इथे वेरानो करतो, आणि ताण तोडायचं काम ती सर करते.

कळीच्या आत काय होतं हे कॉफीच्या झुडपावरून सगळ्यात चांगलं समजलं आहे. कॉफीची कळी ठराविक आकाराची झाली की झोपते. तिला नुसतं पाणी देत राहिलात तर ती झोपलेलीच राहते. आधी कोरडेपणा सोसावा लागतो, मग पाणी मिळावं लागतं, तेव्हा ती जागी होऊन भराभर वाढते आणि आठ-दहा दिवसांत फुलते. पाऊलो अल्विम या शास्त्रज्ञानं १९६० साली ही गोष्ट दाखवून दिली. कोडगू आणि चिकमंगळूरचे कॉफीवाले फेब्रुवारी-मार्चमधल्या 'ब्लॉसम शॉवर'कडे डोळे लावून बसतात ते याचसाठी. थोडक्यात, अशा कळीला कुलपं दोन असतात. दुष्काळ पहिलं उघडतो, पाऊस दुसरं. पावसाळ्यात पाणी भरपूर असतं, पण पहिलं कुलूप बंदच असतं, म्हणून तेव्हा बहार येत नाही. हे दोन कुलपांचं चित्र डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं सोपं होतं.

मग दुसरा, जास्त खोल प्रश्न. झुडपं एकत्र कशी फुलतात हे कळलं, पण एकत्र फुलून त्यांचा फायदा काय? की सर सगळ्यांवर एकदम पडते म्हणून आपोआप घडणारी ती एक गोष्ट आहे, तिला काही अर्थच नाही? निसर्गाविषयी लिहिणाऱ्यांना (मला धरून) 'निसर्गाची योजना' असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. सुरुवातीला उल्लेख केलेल्या संशोधक बाई, कॅरल ऑग्सपर्गर, यांनी तो मोह टाळला आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेटावर जाऊन सरळ प्रयोग केला.

प्रयोग इतका साधा होता की कोणत्याही शेतकऱ्याला सुचावा. कोरड्या ऋतूत, पाऊस यायच्या आधी, त्यांनी काही निवडक झुडपांना पाणी घातलं. ती झुडपं फसली. त्यांना वाटलं सर आली, आणि ती बाकीच्यांच्या आधी, एकेकटी फुलली. मग खरा पाऊस आला, जंगलातली उरलेली झुडपं नेहमीसारखी एकत्र फुलली. आता तुलना करायची: एकट्यानं फुललेल्याला किती माश्या भेटल्या, किती बिया धरल्या, त्यातल्या किती वाचल्या, आणि जमावाबरोबर फुललेल्यांचं काय झालं.

माश्यांपासून सुरुवात करू. या फुलांवर येणारी मुख्य माशी मेलिपोना जातीची, डंख नसलेली, आपल्याकडच्या पोयाच्या माश्यांची दूरची नातेवाईक, पण आकारानं बरीच मोठी. ती वसाहत करून राहते, आणि एका माशीला चांगला चारा सापडला की ती घरी जाऊन बाकीच्यांना बोलावून आणते. आठवडी बाजार मंगळवारी भरतो. एखादा भाजीवाला सोमवारीच पाल ठोकून बसला, तर त्याची भाजी कितीही ताजी असो, गिऱ्हाईक कुठून येणार? मंगळवारी मात्र पाच कोसांवरून लोक येतात, कारण एवढा सगळा बाजार एका जागी असतो. ऑग्सपर्गर यांना हेच दिसलं. एकट्या फुललेल्या झुडपांकडे माश्या कमी आल्या आणि त्यांच्यात बी कमी धरलं. जमावात फुललेल्या झुडपांकडे माश्या लोटल्या.

इथे एक शंका मनात येते, आणि ती रास्त आहे. बाजारात गिऱ्हाईक जास्त असतं तसे विक्रेतेही जास्त असतात. हजारो झुडपं एकदम फुलली तर माश्या वाटल्या जाणार नाहीत का? जातात. म्हणून तर पुष्कळ झाडं याच्या उलट वागतात. त्याच बेटावर एरिथ्रिना, म्हणजे आपल्या पांगाऱ्याच्या गोतातलं, एक झुडूप आहे. त्याच्या फुलांना गुंजन पक्षी (हमिंगबर्ड) भेट देतात, आणि ते आपली फुलं लांब काळपर्यंत थोडी थोडी काढत राहतं. पक्षी रोज ठरलेल्या वाटेनं फेरी मारतो, त्याला रोज थोडं मिळालं की तो येत राहतो. तिथे बाजार भरवण्यापेक्षा रोजचं रतीब घालणं परवडतं. ऑग्सपर्गर यांनी १९८३ साली अशा सहा झुडपांची तुलना प्रसिद्ध केली, आणि आपलं व्हायोलेट त्यांत वेळ पाळण्याच्या बाबतीत टोकाचं होतं. वसाहतीनं राहणारी, निरोप्या धाडणारी माशी असेल तेव्हा बाजाराची पद्धत फळते.

पण हिशेबाचा दुसरा भाग मला त्याहून आवडतो, कारण तो आपल्या शिवारातला आहे. या झुडपाच्या बोंडांत लहान पतंगांच्या अळ्या शिरतात आणि कोवळ्या बिया खातात. ज्वारीचं शेत ज्यांनी राखलं आहे त्यांना यापुढचं सांगायची गरज नाही. सगळ्या गावाची ज्वारी एकदम हुरड्यात आली तर पाखरं सगळ्यांच्यात विभागली जातात, प्रत्येकाचं थोडं जातं. पण एखाद्यानं आधी पेरलं आणि त्याचंच शेत एकटं आधी निसवलं, तर सगळ्या शिवाराची पाखरं त्याच्याच कणसांवर. पाणी घालून आधी फुलवलेल्या झुडपांचं असंच झालं. मुळात बी कमी, आणि त्या कमी बियांपैकी अळ्यांनी खाल्लेल्यांचं प्रमाण जास्त. जमावात मात्र बोंडं इतकी, की अळ्यांची पोटं भरून उरली.

म्हणजे वेळ चुकवणाऱ्या झुडपाला दोन्हीकडून मार बसतो. आता पिढ्यान्‌पिढ्या मागे जाऊन विचार करा. झुडपागणिक थोडा फरक असणारच: कुणी जरा कमी पावसावर जागं होतं, कुणाला जास्त भिजावं लागतं. जे फार उतावीळ त्यांच्या बिया कमी उरल्या, जे फार आळशी त्यांच्याही कमी उरल्या. मधल्या बहुसंख्यांची पोरं जास्त जगली आणि त्यांनी तेवढ्याच पावसावर जागं होण्याचा गुण घेतला. कुणी नियम घातला नाही, कुणी इशारा केला नाही. माशी आणि अळी या दोघींनी दोन्ही बाजूंच्या कडा कापत कापत सगळ्यांना एका ओळीत आणलं. सर सगळ्यांवर पडते हा योगायोग खरा, पण त्या सरीला सगळ्यांनी सारखंच उत्तर द्यावं ही घडण त्या दोघींची असावी. उतावीळ झुडपांना बसणारा मार प्रयोगानं दिसला आहे; पिढ्यांची ही गोष्ट मात्र त्यावरून बांधलेला अंदाज आहे.

आपल्याकडे एकत्र फुलण्याचं नाव निघालं की कारवी आठवते. सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी डोंगरच्या डोंगर जांभळे होतात. दोन्ही गोष्टी दिसायला सारख्या, पण घड्याळं वेगळी. कारवी वर्षं मोजते, आणि एकदा फुलून बी धरलं की ते झाड मरतं. आपलं झुडूप काहीच मोजत नाही. ते दरवर्षी फुलू शकतं, आणि त्याला कळते ती फक्त मातीतली ओल. दिवस लहान-मोठा होण्यावर का विसंबत नाही, असंही कुणी विचारेल. पनामा विषुववृत्तापासून नऊ अंशांवर आहे. तिथे वर्षातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस यांत तासाभराचाच फरक पडतो. त्या मानानं कडक दुष्काळानंतरची सर ही कितीतरी ठसठशीत खूण आहे.

सगळी झाडं मात्र पाण्याचाच हिशेब ठेवत नाहीत. त्याच बेटावर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जंगलाच्या दोन तुकड्यांना, प्रत्येकी सव्वादोन हेक्टर, सलग पाच कोरडे ऋतू पाणी देऊन पाहिलं. एवढं पाणी पिऊनही बहुतेक जातींच्या वृक्षांनी पानं गाळायची आपली वेळ बदलली नाही. जंगलात एकाच वेळी अनेक घड्याळं चालू असतात, आणि एका झाडावरून दुसऱ्याबद्दल बोलता येत नाही. पाण्याच्या खुणेवर फुलणारं दुसरं ठळक नाव म्हणजे ग्वायाकान. हा वरच्या मजल्यावरचा वृक्ष कोरड्या ऋतूतल्या सरीनंतर निष्पर्ण फांद्यांवर पिवळाधमक होतो आणि चार-सहा दिवसांत सगळं खाली ओततो. वनस्पतिशास्त्रज्ञ आल्विन जेंट्री यांनी १९७४ साली अशा फुलण्याला 'बिग बँग' हे नाव दिलं. पनामात त्याचे फोटो सगळे काढतात. त्याच सरीनं खाली सावलीत जे पांढरं व्हायोलेट फुललेलं असतं, ते पाहायला जंगलात वाकून शिरावं लागतं.

या व्यवस्थेत एक कच्चा दुवा आहे, आणि बागाईतदार तो लगेच ओळखतील. ताणावर सोडलेल्या बागेत अर्धवट अवकाळी पाऊस झाला तर काय होतं? थोडी झाडं फुटतात, थोडी थांबतात, बहार पांगतो, आणि वर्षाचं गणित बिघडतं. जंगलातही हलकी सर आली तर ती उताराच्या एका बाजूला पुरेल, दुसऱ्या बाजूला पुरणार नाही. जी झुडपं जागी होतील ती हौदाकडच्या झाडासारखी एकटी पडतील. पावसाची सर भरघोस असेल तरच बाजार भरतो.

सर भरघोस असली तरी ती कधी येते हा प्रश्न उरतोच. ऑग्सपर्गर यांनी या झुडपाच्या बिया रुजण्याचा आणि रोपं जगण्याचा वेगळा अभ्यास केला, तो याचमुळे. एप्रिलमधल्या सरीवर फुललेल्या झुडपाच्या बिया उडतात तेव्हा पावसाळा लागलेला असतो, माती मऊ असते. फेब्रुवारीतल्या सरीवर फुललेल्याच्या बिया वाळक्या पाचोळ्यात पडू शकतात, आणि पुढच्या एखाद्या चुकार पावसावर उगवलेल्या रोपापुढे अजून कोरडे दिवस असू शकतात. मामा ताण तोडायच्या आधी विहिरीचं पाणी पाहायचा, किती दिवस पुरेल त्याचा अंदाज बांधायचा, आणि मगच पहिलं पाणी सोडायचा. झुडपाकडे विहीर नाही. फेब्रुवारीची सर आणि एप्रिलची सर त्याच्या मुळांना सारखीच लागते, आणि शेजारची हजारो झुडपं फुलणार असतील तर त्यालाही त्याच आठवड्यात फुलावं लागतं.